अ‍ॅपलेशियातल्या शेतकरी वस्तीत राहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्य भागात, फ्लॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा विभाग) राहतो. न्यू जर्सी, शार्लट, पुणे इथून आणि जवळच्या ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेकमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते व्हर्जिनियापुरतं आहे, दुसऱ्या राज्यात वेगळे नियम असतात.

१. अ‍ॅपलेशिया म्हणजे नेमका कुठला भाग? कोळशाच्या खाणी असतात तोच ना?

खाणींचा मुलूख हा त्यातला एक तुकडा आहे. १९६५ साली अमेरिकन सरकारने या डोंगराळ पट्ट्यासाठी अ‍ॅपलेशियन रीजनल कमिशन नेमलं. आज त्यांच्या नकाशात मिसिसिपीपासून न्यूयॉर्कपर्यंत १३ राज्यांतल्या ४२३ काउंट्या येतात. अख्खंच्या अख्खं आत असलेलं राज्य एकच, वेस्ट व्हर्जिनिया. पूर्व केंटकी, दक्षिण वेस्ट व्हर्जिनिया आणि व्हर्जिनियाचं पश्चिमेचं टोक हा कोळशाचा भाग. आम्ही ब्लू रिज डोंगरांच्या पठारावर आहोत. उंची साधारण अडीच हजार फूट, इथे गवत, गाई आणि नाताळची झाडं होतात. काउंटीची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. वाहतुकीचा दिवा एकच, तोही फ्लॉइड गावाच्या चौकात.

२. खरंच इतकं शांत असतं का? करमतं का?

गाड्यांचा आवाज नसतो, रात्री आकाशगंगा दिसते, हे खरं. पण शेतीचा गाव मुका नसतो. जूनमध्ये पाऊस यायच्या आत गवत उचलायचं असलं की रात्री दहालाही ट्रॅक्टर चालतात. वासरं दुधावरून तोडली की पुढच्या तीन-चार रात्री गाई सारख्या हंबरतात. नोव्हेंबरात बंदुका वाजतात (प्रश्न १४ पाहा). व्हर्जिनियात १९८१ पासून शेती करण्याच्या हक्काचा कायदा आहे. नीट चाललेल्या शेतीच्या आवाजाची किंवा शेणाच्या वासाची तक्रार करून सहसा काही हाती लागत नाही. तशी तक्रार करूही नये.

करमण्याबद्दल माझं मत ठाम आहे. ही शांतता कुणीतरी रोज राबून राखलेली असते. कुंपणं कुणीतरी दुरुस्त केलेली असतात, बर्फ कुणीतरी पहाटे ढकललेला असतो, वादळात आडवं पडलेलं झाड करवत घेऊन कुणीतरी हटवलेलं असतं. त्या कामात हात घातलात तर करमतं. नुसते बघत बसलात तर पहिल्याच हिवाळ्यात घर विकावंसं वाटेल.

३. शेजारी आपल्याला सामावून घेतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात रस्त्यावरच होते. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो, ओळख असो वा नसो. तुम्हीही करायचा. अंत्ययात्रेच्या गाड्या दिसल्या की बाजूला घेऊन थांबायचं. कुणाकडे मयत झालं की जेवण करून न्यायचं. हे एवढं पाळलं की अर्धं अंतर मिटतं.

उरलेलं अंतर कामाने मिटतं. आपल्याकडची सावड ज्यांना आठवते त्यांना इथला हिशोब लगेच कळेल: आज तुमचं गवत, उद्या त्यांचं कुंपण, पैशाची भाषा कुणी करत नाही. मदतीचे पैसे पुढे केलेत तर समोरचा अवघडतो. त्याऐवजी लोणच्याची बरणी द्या, किंवा तो फोन करील तेव्हा जा. फोन आल्यावर जाणं महत्त्वाचं, कारण न जाणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

“तुम्ही कुठल्या चर्चला जाता?” हे पहिल्या भेटीतच विचारतील. त्यात खोच नसते, ते तुमचं कुळ-मूळ विचारण्यासारखं आहे. बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरन, प्रेस्बिटेरियन असे पंथ इथे आहेत. “आम्ही हिंदू आहोत, घरीच देवपूजा करतो” एवढं सरळ सांगितलं की पुरतं. कुणी धर्मांतराचा आग्रह धरलाच तर नम्रपणे एकदा नाही म्हणा. बहुतेकदा विषय तिथेच संपतो. चर्चच्या सार्वजनिक जेवणाला मात्र बोलावलं तर जरूर जा. प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा असतो. शिरा, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर लोक आवडीने खातात. दाण्याचं कूट घातलं असेल तर चिठ्ठी लावा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणारे असतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही घरांवर कॉन्फेडरेट झेंडा (अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा) दिसतो आणि तो पहिल्यांदा दिसला की पोटात गोळा येतो. काउंटीचं बहुमत रिपब्लिकन आहे. १९७० च्या दशकात शहरं सोडून जमिनीकडे आलेले लोक आणि त्यांची मुलंही इथे आहेत, त्यांची मतं अगदी उलटी. दोघं एकाच गोदामात खत विकत घेतात. वेगळ्या रंगाचे म्हणून तुमच्याकडे बघितलं जाईल, दुकानात क्षणभर आवाज थांबेल. हे सोसण्याची तयारी प्रत्येकाची असावीच असं मी म्हणणार नाही. मुलं शाळेत असतील तर त्यांच्याशी आधी बोला (प्रश्न ११ पाहा).

४. शेतीवर पोट भरतं का?

बहुतेकांचं नाही. अमेरिकेतल्या बहुसंख्य शेतकरी कुटुंबांचं मुख्य उत्पन्न शेतीबाहेरून येतं, इथेही तसंच. नवरा किंवा बायको शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात नोकरी करते. त्या नोकरीचा पगार तर येतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आरोग्यविमा.

इथला मुख्य धंदा म्हणजे गाई-वासरं. गाय वर्षाला एक वासरू देते, ते अडीचशे किलोच्या आसपास झालं की जनावरांच्या बाजारात लिलावात जातं. पुढे पश्चिमेकडच्या मोठ्या चाऱ्याच्या तळांवर ते पोसलं जातं. हिवाळ्यात एक गाय रोज बारा-चौदा किलो वाळलेलं गवत खाते आणि ते डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत पुरवावं लागतं. सगळा हिशोब गवतावर येऊन थांबतो. कुरणांमध्ये बहुतांशी केंटकी-३१ जातीचं फेस्क्यू गवत आहे. ते चिवट आहे, उतारावरची माती धरून ठेवतं, पण त्याच्या आत वाढणाऱ्या बुरशीमुळे उन्हाळ्यात गाईंना उष्णता सोसत नाही आणि वजन घटतं. क्लोव्हर हा शेंगवर्गीय चारा मिसळून पेरणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय.

दुधाच्या डेअऱ्या एकेक करत बंद पडल्या. फ्रेझर फरची नाताळची झाडं, भोपळे, कोबी आणि शनिवारच्या बाजारासाठी भाजी यांवर काही घरं चालतात. नवीन माणसाने पहिली दोन वर्षं जमीन शेजाऱ्याला चरायला द्यावी आणि तो काय करतो ते बघावं.

५. पाणी आणि वीज कशी असते?

नळयोजना फक्त गावठाणात. बाकी सगळ्यांची बोअरवेल आणि सेप्टिक टाकी. खाजगी विहिरीचं पाणी सरकार तपासत नाही, ती मालकाची जबाबदारी. व्हर्जिनिया टेकच्या कृषी विस्तार केंद्रामार्फत पाणी तपासणीची शिबिरं होतात, तिथे अल्प दरात नमुना तपासून मिळतो. घर घेण्याआधी तपासा. मोकळी जमीन घेत असाल तर तिथली माती सेप्टिकसाठी पाणी शोषते का, हे आरोग्य खात्याकडून मंजूर होईपर्यंत सौदा पक्का करू नका. मंजुरी नसलेल्या प्लॉटवर घर बांधता येत नाही.

वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही गेलं. संडासाच्या टाकीत ओतायला पाणी भरून ठेवायची सवय इथे सगळ्यांना आहे. इंटरनेटची भीती मात्र बाळगू नका. आमच्याकडे टेलिफोन सहकारी संस्थेने खेड्यापाड्यांत फायबर नेलं आहे. मोबाइलला दऱ्यांमध्ये रेंज नसते, घरातल्या वायफायवरून फोन करायचे.

६. हिवाळा किती कडक असतो?

तापमान शून्याच्या खाली बरेच दिवस असतं, उणे पंधरालाही कधी जातं. बर्फापेक्षा वाईट ती गोठणाऱ्या पावसाची रात्र. फांद्यांवर काचेसारखा थर चढतो, फांद्या तारांवर पडतात आणि वीज काही दिवस जाते. लाकडाची शेगडी असलेलं घर बघा. ओकचं लाकूड फोडून किमान वर्षभर वाळवलेलं हवं. ओलं लाकूड जाळलं की धुराड्यात डांबर साचतं आणि तेच पेटतं. लाकूड ‘कॉर्ड’च्या मापाने विकतात: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रास. पिकअपमध्ये फेकून भरलेलं लाकूड म्हणजे कॉर्ड नव्हे, हे विकत घेताना ध्यानात ठेवा.

७. आपल्या भाज्या पिकतात का?

झाडं करपवणारं गोठलेलं दव (फ्रॉस्ट) मेच्या मध्यापर्यंत पडू शकतं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा हजर होतं. या पाच महिन्यांत बसेल ते पिकतं. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टअखेर पेरा. भर उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर येते. चवळी उत्तम होते, भेंडी चांगल्या उन्हाच्या उतारावर होते. दुधी होतो. तूर फुलावर येईपर्यंत थंडी येते. कढीपत्ता आणि अळू कुंडीत ठेवून हिवाळ्यात घरात घ्या. हरणांसाठी आठ फुटी कुंपण करा, त्याहून कमी उंचीवरून ती सहज उडी मारतात.

किराणा, डाळी, पिठं यांसाठी ब्लॅक्सबर्ग किंवा रोअनोक गाठावं लागतं. विद्यापीठामुळे तिकडे भारतीय दुकानं आहेत.

८. एवढ्या गाई आहेत तर ताजं दूध मिळत असेल?

नाही मिळत, आणि हे ऐकून आपल्या प्रत्येक पाहुण्याला वाईट वाटतं. पहिलं कारण म्हणजे या मांसासाठीच्या गाई आहेत, त्यांचं दूध वासरांपुरतंच. दुसरं कारण कायदा. व्हर्जिनियात कच्चं दूध विकायला बंदी आहे. काही लोक एखाद्या गाईच्या मालकीत हिस्सा घेतात आणि आपल्याच गाईचं दूध म्हणून नेतात. अशी व्यवस्था असलीच तर गोठा स्वतः बघा आणि दूध आपल्या सवयीप्रमाणे उकळूनच घ्या.

९. आम्ही शाकाहारी आहोत. कत्तलीसाठी गाई पाळणाऱ्यांमध्ये राहणं जमेल?

हे प्रत्येकाने स्वतःला विचारायचं. आम्ही गोमांस खात नाही, हे शेजाऱ्यांना माहीत आहे आणि त्यांनी कधी ते वाढलं नाही. त्यांच्या धंद्यावर आम्ही बोलत नाही. जो माणूस फेब्रुवारीच्या मध्यरात्री अडलेल्या गाईचं वासरू हाताने ओढून काढतो, त्याला गाईबद्दल माया नाही असं मला म्हणवत नाही. पण लिलावाच्या दिवशी रिकामी ट्रॉली परत येताना दिसते. ते दृश्य सोसणार नसेल तर फळबागांचा किंवा नाताळच्या झाडांचा भाग निवडा.

१०. रात्री-बेरात्री आजारपण आलं तर?

काउंटीत इस्पितळ नाही. ख्रिश्चन्सबर्ग किंवा रोअनोकला न्यावं लागतं, गाडीने पाऊण ते एक तास. अ‍ॅम्ब्युलन्सवर आणि अग्निशमन दलात गावातले स्वयंसेवक असतात. स्वयंसेवी बचाव पथकाची कल्पना याच परिसरातली: रोअनोकच्या ज्युलियन वाइज यांनी लहानपणी नदीत दोन माणसं बुडताना पाहिली होती आणि १९२८ मध्ये त्यांनी देशातलं पहिलं असं पथक उभं केलं. आज ही पथकं माणसांअभावी ओढग्रस्तीत आहेत. तुमच्यात चाळिशीच्या आतलं कुणी असेल तर प्रशिक्षण घ्या, गावाला याहून मोठी मदत नाही. हृदयविकार किंवा जोखमीचं गरोदरपण असलेल्यांनी मात्र इस्पितळापासून वीस मिनिटांच्या आत घर घ्यावं, असंच मी सांगेन.

११. मुलांच्या शाळेचं काय?

शाळा लहान, शिक्षक नावाने ओळखतात. हायस्कूल अख्ख्या काउंटीत एकच. बसचा प्रवास तासाभराचाही होतो आणि बर्फामुळे सुट्ट्या पुष्कळ. प्रगत गणिताचे पर्याय शहरी शाळांपेक्षा कमी, पण जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे विषय घेता येतात. एफएफए या शेतकरी विद्यार्थी संघटनेत मुलीला किंवा मुलाला जरूर घाला. तिची मुळं १९२० च्या दशकात ब्लॅक्सबर्गला निघालेल्या व्हर्जिनियातल्या संघटनेत आहेत. वर्गात भारतीय चेहरा बहुधा तुमच्या मुलाचाच असेल. आठवी-नववीच्या वयात आलेल्या मुलांना हे फार जड जातं, पहिली-दुसरीतल्यांना सहसा नाही.

१२. साप, अस्वलं?

विषारी साप दोन: कॉपरहेड आणि रॅटलस्नेक. लाकडाच्या राशीत हात घालण्याआधी बघा. काळी अस्वलं कचरा आणि पक्ष्यांचे दाणे खायला येतात, ते बाहेर ठेवू नका.

मला खरी काळजी गोचिडांची वाटते. लाइम रोग तर आहेच. शिवाय लोन स्टार नावाच्या गोचिडाच्या चाव्यातून अल्फा-गॅल ही अ‍ॅलर्जी जडते. त्यात सस्तन प्राण्याचं मांस खाल्लं की काही तासांनी अंगावर पित्त उठतं, कधी श्वासही अडतो. काहींना दूध, तूप आणि जिलेटिनच्या कॅप्सूलचाही त्रास होतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. गवतातून आल्यावर रोज अंग तपासा.

१३. जमीन घेताना कागदात काय बघायचं?

गावचा अनुभवी वकील करा आणि पुढच्या गोष्टी त्याला तोंडाने विचारा.

खनिजाचे हक्क: कोळशाच्या काउंट्यांमध्ये वरची जमीन एकाची आणि खालचा कोळसा दुसऱ्याचा, असं शंभर वर्षांपूर्वी लिहून दिलेलं असतं. केंटकीत तर अशा जुन्या कागदांच्या जोरावर कंपन्या वरची शेतंही उकरत. ते थांबवायला १९८८ मध्ये राज्यघटना दुरुस्त करावी लागली. रस्ता: तुमच्या घरापर्यंतची वाट शेजाऱ्याच्या रानातून जात असेल तर तो हक्क लेखी हवा. कर: किमान पाच एकर शेती किंवा वीस एकर जंगल असेल आणि काउंटीने योजना स्वीकारली असेल, तर शेतीच्या दराने कमी कर लागतो. वापर बदलला की मागच्या पाच वर्षांचा फरक व्याजासकट भरावा लागतो, म्हणून पडीक ठेवू नका.

आणि थडगी. जुन्या शेतांत घरगुती दफनभूमी असते. नाव नसलेले उभे दगड आणि जमिनीवर पसरलेली निळ्या फुलांची सदाहरित व्हिंका दिसली तर तिथे कुणीतरी आहे असं समजा. जमीन तुमची झाली तरी त्या घराण्याच्या वंशजांना तिथे यायचा कायदेशीर हक्क राहतो. मे महिन्यात ते फुलं घेऊन येतात. वाट साफ ठेवा, खुर्च्या बाहेर काढा.

१४. शिकारी आमच्या रानात येऊ शकतात का?

परवानगीशिवाय नाही. हद्दीच्या झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे मारले की ती प्रवेशबंदीची खूण धरली जाते. पण एक अपवाद नवख्यांना चकित करतो: शिकारी कुत्री तुमच्या हद्दीत शिरली तर त्यांना परत न्यायला मालक बिनहत्यारी आत येऊ शकतो. भांडू नका, तो कायद्यात बसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून रायफलने हरणाची शिकार सुरू होते. त्या दिवसांत स्वतःच्या रानात फिरतानाही भडक नारिंगी जाकीट घाला, मुलांना आणि कुत्र्यालाही घाला.

१५. ग्रीन कार्ड नाही, एच-१बी आहे. शेतजमीन घेता येते?

घेता येते. १९७८ च्या कायद्यानुसार, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याने शेतजमीन घेतली की ९० दिवसांत केंद्रीय कृषी खात्याला कळवावं लागतं. एकूण दहा एकरांपर्यंत आणि वर्षाला हजार डॉलरपर्यंतच्या विक्रीला सूट आहे. कळवलं नाही तर दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बरेच जण इथेच अडकतात, कारण सौद्याच्या वेळी कुणी सांगत नाही. स्वतः शेती करून माल विकणं हे व्हिसाच्या अटींत बसत नाही, चराईसाठी भाड्याने देणं वेगळं धरलं जातं. घरून नोकरी करायला इथे राहायला येणार असाल तर कामाची जागा बदलते, कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागू शकतो. दोन्हींसाठी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

१६. चक्रीवादळ डोंगरात कसं येतं? घर कुठे घ्यावं?

२७ सप्टेंबर २०२४ ला हेलीनने सगळ्यांना हे शिकवलं. आधीच भिजलेल्या डोंगरांवर ते कोसळलं. नॉर्थ कॅरोलिनात शंभराहून जास्त माणसं गेली, आमच्या पश्चिमेचं डमॅस्कस गाव बुडालं, आणि अ‍ॅशव्हिल शहरात नळाला पिण्याजोगं पाणी परत यायला सात आठवड्यांहून अधिक लागले. रस्ते तुटल्यावर पहिले पोचले ते शेजारी, ट्रॅक्टर आणि खेचरं घेऊन. ओढ्याकाठचं घर कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका. सरकारी पूरनकाशात छोटे ओढे बऱ्याचदा नसतात. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो झाडाकडे बोट दाखवेल.

१७. आईवडील सहा महिने येणार आहेत. त्यांना जमेल?

मे ते ऑक्टोबर बोलवा. गाडी चालवता येत नसेल तर ते घरात अडकतात, पायी जायला पदपथ नसतात, हा त्रास खरा आहे. शनिवारचा शेतकरी बाजार आणि फ्लॉइडच्या कंट्री स्टोअरमधली शुक्रवारची संध्याकाळ हे दोन्ही ठरवून ठेवा. तिथे आधी भक्तिगीतं होतात, मग फिडल-बँजोवर लहानथोर लाकडी फरशीवर पाय वाजवत नाचतात. भाषा येत नसली तरी म्हातारी माणसं तिथे रमतात.

१८. राहायला येण्याआधी बघायला कधी यावं?

सगळे ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला येतात आणि भाळतात. तुम्ही फेब्रुवारीअखेर या. चिखल असेल, झाडं उघडी असतील, कच्च्या रस्त्यात चाक रुतेल. आठवडाभर भाड्याने राहा, विस्तार केंद्रात जाऊन तिथल्या माणसाशी बोला, गोदामात खत-बियाणं घेणाऱ्यांशी बोला, आणि घराच्या दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांचं दार वाजवा. हे घर घेतोय असं त्यांना सांगा. विहीर, वाट, बर्फ आणि हद्दीबद्दल दलालाने न सांगितलेलं बरंचसं ते अंगणात उभ्या उभ्या सांगतील.